एक वाजून बारा मिनिटं

एकतीस वर्षं मी दोर ओढतो आहे.
धावपट्टीच्या या टोकाला माझं विंच,
त्या टोकाला ग्लायडर,
मध्ये हजार मीटर गवत.
मी खटका ओढतो, ड्रम फिरतो
आणि कोणीतरी वर जातं.
मी नाही.

विमान सुटलं की दोर
छोट्या छत्रीला लटकत खाली येतो,
आणि मला कळतं आज वर काही आहे की नाही.
कसं, ते सेगेडच्या पोरांनी विचारलं होतं.
म्हटलं, दाढ दुखते ते कसं कळतं रे?

या उन्हाळ्यात बोरोका आली, व्हॅनभर खांब घेऊन.
सूर्यफुलांत तीन रोवले,
कापलेल्या गव्हाच्या धसकटांत पाच,
बंद पडलेल्या डुक्कर-फार्मच्या पत्र्यावर एक.
तापमान, दमटपणा, वारा.
शेतं सगळी काखेत थर्मामीटर धरून पडलेली.

तिचा ड्रोन माझ्या मांजराहून हलका.
दोन्ही पंखांच्या टोकाला केसाएवढी तार.
डाव्या टोकाला किंचित उबारा लागला
की तो डावीकडे वळतो,
अंधारात माणूस चुलीकडे वळतो तसा.
मग मोटर बंद.
"मोटर बंद असली की खरा हुशार," ती म्हणाली.
विंचवाल्यापुढे बोलायचं वाक्य नव्हतं ते,
पण मला आवडलं.

मी तिला करकोचे दाखवले.
ऑगस्ट संपत आलेला, निघायच्या घाईत असतात ते,
तरी पंख हलवत नाहीत;
कुठे घिरट्या घालायच्या ते त्यांना ठाऊक.
तिने वहीत लिहिलं:
करकोचे – उत्तम सेन्सर, वेळेचा भरवसा नाही.

मंगळवार. पान हलत नव्हतं.
सकाळपासून सात उड्डाणं,
सातही सहा मिनिटांत जमिनीवर.
ड्रोन बॅटरी खात भटकत होता.
सव्वाला बायकोचं इन्सुलिन असतं,
म्हणून सायकल काढली आणि
रस्ता सोडून धसकटांतून हाणली.
मागे काहीतरी सुटल्यासारखं झालं.
मानेवर गरम फुंकर,
काडीकचरा, एक चॉकलेटचा कागद
माझ्या पुढे जाऊन वर चढला.
मी थांबलो नाही.
इल्का सुई स्वतः टोचून घेत नाही.

संध्याकाळी बोरोकाने पडदा माझ्याकडे वळवला.
चौथा खांब. एक वाजून बारा.
लाल रेघ उसळते, मग पडते,
चहूकडचा वारा त्या एका जागी धावतो.
ड्रोन अकराशे मीटर.
चाळीस मिनिटं मोटर बंद.
आणि कॅमेऱ्यात, त्याच्या खालून येऊन
त्याच्याच घिरटीत शिरलेले
तीन करकोचे.

"तिथे कोण होतं, गाश्पार बाची?"
"मी."
"चालत?"
"सायकलवर."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, तापलेली हवा
दुधावरच्या सायीसारखी जमिनीला धरून बसते,
कधी कधी एवढासा धक्का पुरतो.
आणि लगेच, शिकलेल्या माणसांसारखं:
"एका नोंदीवरून काही सिद्ध होत नाही हं."

नाहीच होत.
बुधवारी मी तीच वाट धरली, तीच वेळ.
काही नाही.
गुरुवारी जरा जोरात.
पुढचं चाक पंक्चर.

सप्टेंबरात खांब उपटून ती गेली.
करकोचे तिच्याही आधी गेले.
क्लबने तिचा नकाशा भिंतीवर लावलाय,
त्यात आमचं शेत फिकट गुलाबी आहे,
म्हणजे: शक्यता मध्यम.

चौथ्या खांबाचं भोक अजून बुजलेलं नाही.
तिथे आलो की मी घंटी वाजवतो,
एकदाच.
वर बघत नाही.
सव्वाला घरी असावं लागतं.